चाकाशेजारचं घर

दुबई मरीना तेव्हा पाण्यावर नव्हती, प्लायवूडवर होती. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तिचे टॉवर हातभर उंचीचे होऊन ओळीनं उभे असत आणि त्यांच्या पायथ्याशी निळ्या रंगाचा समुद्र वाळत पडलेला असे. त्या समुद्रावरून विभावरी म्हात्रे एकदा चपला घालून चालत गेली. गोष्ट तिथून सुरू होते.

सन दोन हजार, जानेवारी महिना. त्या वाळवंटात पाऊस येतो तो वर्षातून दोन-चार दिवस, पण आला की रस्त्यांची तळी करून जातो. विभावरी दुबईतल्या करामाच्या ऑफिसात ड्रॉइंग काढायची. बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेलं बनवणारी कंपनी होती ती. नकाशे करामात, बनवणं शारजात. त्या दिवशी नकाशांची गुंडाळी काखेत मारून ती पहिल्यांदाच वर्कशॉपला निघाली आणि टॅक्सीवाल्यानं तिला कोपऱ्यावरच उतरवलं. पुढे गाडी जाणार नाही म्हणाला आणि चालता झाला. शेडचं दार समोर दिसत होतं, मधे घोट्याच्या वरपर्यंत पाणी. विभावरीनं दूर जाणाऱ्या टॅक्सीकडे बघत, कुणी ऐकत नाही अशा खात्रीनं, त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दारात एक जण उभा होता. उंच, सावळा, केसांत लाकडाचा भुसा. तो हसला नाही. आत गेला, एक भलीमोठी फळी घेऊन आला आणि सिमेंटच्या ठोकळ्यांवर ती आडवी टाकली.

"या मॅडम. निळ्यावर पाय ठेवा… पांढरं अजून ओलं आहे."

"मी मराठी आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

"टॅक्सीवाला गेल्यावर तुम्ही जे बोललात, ते मराठीत होतं."

विभावरीचे कान तापले. मान खाली घालून ती फळीवरून चालू लागली. मधोमध आल्यावर तिच्या लक्षात आलं, की पायाखाली छोट्या छोट्या बोटी रंगवलेल्या आहेत. तिनं विचारलं, हे काय आहे? रिजेक्ट माल आहे, असं त्यानं सांगितलं. ते साफ खोटं होतं. वर्कशॉपचे मालक शौकतभाई दुपारी त्या समुद्रात एका बाईच्या चपलेचा ठसा शोधत उभे राहिले आणि फळी टाकणाऱ्या त्या सावळ्या माणसाला, नागेश राऊतला, तो समुद्र दोन दिवस बसून पुन्हा रंगवावा लागला. विभावरीला हे कळलं तेव्हा ती एकटीच हसली, आणि मग आपण का हसतोय म्हणून गप्प झाली.

तिच्या काखेतल्या गुंडाळीत मात्र टॉवर नव्हता. एक पाणचक्की होती.

ती बनवून हवी होती मिसेस हॉलिसला. दुबईत तीस वर्षं काढलेली, शाळेतून रिटायर झालेली इंग्रज बाई. नवरा गेला, मुलं नव्हती, एप्रिलमध्ये ती कायमची परत निघाली होती, बहिणीच्या फ्लॅटमध्ये राहायला. जाण्याआधी तिला आपलं लहानपणचं घर डोळ्यांनी बघायचं होतं. इंग्लंडमधल्या कुठल्याशा ओढ्यावर तीनशे वर्षांची पाणचक्की, आणि तिला पाठ लावून बांधलेलं घर. वडील तिथले शेवटचे चक्कीवाले. पुढं जागा विकली गेली, नव्या मालकांनी सगळं चकाचक केलं आणि चाकाला खिळे ठोकून ते कायमचं थांबवलं. तिच्याकडे दोन फोटो होते, पिवळे पडलेले. एकात चाक समोरून दिसत होतं, दुसऱ्यात घराची बागेकडची बाजू.

ऑफिसात कुणालाच हे काम नको होतं. सगळे टॉवरच्या मागे. म्हणून ते विभावरीच्या टेबलावर आलं. वर्कशॉपमध्येही बाकी सगळे अॅक्रिलिक कापणारे. लाकडाला हात लावणारा एकटा नागेश. म्हणून ते त्याच्याकडे गेलं. शौकतभाई श्रीवर्धनचे, पंचवीस वर्षं गल्फमध्ये मुरलेले. ते म्हणाले, "काम छोटं आहे पण चाक फिरलं पाहिजे. मेमसाब को चाक घुमता हुआ मंगता है. नहीं घुमा तो खलास."

मिसेस हॉलिसनं विभावरीला एक गोष्ट सांगितली होती. घर आणि चक्की यांच्यामध्ये एकच भिंत. रात्रंदिवस ती भिंत बारीक थरथरायची, आणि त्या थरथरीत सगळं घर गाढ झोपायचं. चाक थांबलं, की घर जागं व्हायचं. विभावरीनं हे नागेशला सांगितलं तेव्हा तो रंध्याचा हात थांबवून ऐकत राहिला. "आवाज थांबला की जाग येते," तो हळूच म्हणाला. "खरं आहे ते." विभावरीलाही ते माहीत होतं, पण कुठून माहीत होतं हे तिला कुणाला सांगायचं नव्हतं.

मग दर गुरुवारी ती शारजाला जाऊ लागली. कामाच्या मानानं फेऱ्या जास्त होत होत्या, पण शुक्रवारची सुट्टी म्हणून गुरुवारी हाफ डे, कोण विचारतो. परातीएवढं सागवानी चाक, त्याच्या कडेनं लाकडी खण, वर पाणी आणणारी पन्हळ. शेजारी घर, बोटाच्या पेराएवढ्या कौलांचं. भिंती उभ्या राहिल्या आणि आत काय कुठं हा प्रश्न आला. आतलं कुणाला दिसणार नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न खरं म्हणजे यायलाच नको होता. पण आला, आणि दोघांनी तो चांगला महिनाभर पुरवला.

"इथं स्वयंपाकघर," विभावरी पेन्सिलीचं टोक ठेवून म्हणायची.

"आणि हे?"

"पिठाचं कोठार."

"मग नवरा-बायको भांडले की बसायचं कुठं?"

"नवरा चक्कीत जाईल. दार आहे ना मधे."

"आणि बायको?"

"बायको कशाला जाईल? घर तिचं आहे."

नागेश मान डोलवायचा आणि गंभीर चेहऱ्यानं दार बसवायचा. घराच्या बाजूनं कडी लावायची नाही, असं तो स्वतःशीच पुटपुटायचा. बिचारा बाहेर अडकायचा. विभावरी नकाशाआड तोंड लपवून हसायची. सव्वीस वर्षांची बाई आणि तिशीचा बाप्या एका खोक्यावर बसून भातुकली खेळत होते, आणि दोघंही अशी बतावणी करत होते की हे ऑफिसचं काम आहे.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी त्यानं तिला दाराच्या चौकटीला टेकून उभं राहायला सांगितलं.

"कशाला?"

"मॉडेलमध्ये माणूस लागतो. त्याशिवाय घर केवढं ते कळत नाही. चक्कीवाल्याची बायको करायची आहे. उंची पाहिजे."

"कॅटलॉगमध्ये मिळतात की रेडीमेड माणसं."

"ती सगळी उंच असतात," तो म्हणाला.

विभावरी बुटकी होती आणि हे तिला कुणी सांगितलेलं आवडत नसे. तरी ती उभी राहिली. तिची वेणी लाकडाला टेकली. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, डोक्यापाशी एक खूण केली, डोळ्यांच्या रेषेत दुसरी, आणि मग खाली वाकून कोपरापाशी तिसरी. त्याचा हात तिला लागला नाही. लागला नाही, हेच तिला दिवसभर जाणवत राहिलं. कोपर कशाला हवंय, असं तिनं विचारलं, तर बाहुलीला कोपर असतं, एवढंच तो म्हणाला.

विभावरी करामातच दादा-वहिनीकडे राहायची. त्या दिवशी फ्लॅटमध्ये वहिनी पोळ्या लाटत होती, दादा टीव्ही बघत होता आणि विभावरी खिडकीत उभी होती. सहा वर्षांची भाची समिधा तिच्याकडे बराच वेळ निरखून बघत होती. "आत्या, व्हाय आर यू स्मायलिंग?" तिनं विचारलं. वहिनीचं लाटणं क्षणभर थांबलं. विभावरी म्हणाली, काही नाही गं, ऑफिसचं.

मार्चच्या सुरुवातीला चाक तयार झालं. फिश टँकचा छोटा पंप आणला, पन्हळीतून पाणी सोडलं. शौकतभाई मुद्दाम खुर्ची ओढून बसले. पाणी वरून पडलं, खणांच्या पाठींवर थडाथड आदळलं आणि चारी बाजूंना उडालं. चाक नुसतं थरथरलं. मग मागे सरकलं, जरा विचार केल्यासारखं थांबलं, आणि थांबलंच. शौकतभाईंच्या शर्टावर इंग्लंडचा ओढा सांडला. ते रुमालानं चष्मा पुसत उठले आणि म्हणाले, "यल्ला, चलो, तुम दोनों देखो," आणि शर्ट बदलायला गेले.

नागेश आणि विभावरी चाकाकडे बघत राहिले. दोघांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला, आणि दोघांनाही तो दुसऱ्याला दाखवायची लाज वाटली.

"खणांची तोंडं उलटी आहेत," शेवटी विभावरी म्हणाली.

"हो."

"फोटोत तोंडं नीट दिसत नव्हती. मला वाटलं, वर येणाऱ्या बाजूला असणार… पाणी भरून वर यायला."

"मलाही तसंच वाटलं. तुमच्या ड्रॉइंगमध्ये होतं, मला ते बरोबरच दिसलं." तो तिच्याकडे वळला. "मॅडम, खरं सांगा. तुम्ही अलिबागच्या म्हणता. अलिबाग गावातल्या, की वाडीतल्या?"

विभावरीनं ओठ चावला. करामात, ऑफिसात, सगळ्यांना तिनं अलिबाग हेच सांगितलं होतं. मुंबईजवळ, समुद्रकिनारा, छान वाटतं ऐकायला.

"चौल," ती म्हणाली. "सुपारीची वाडी. विहिरीवर रहाट."

"मी नागावचा," तो म्हणाला. "आमच्याकडे रहाट बनवतात. आजोबांपासून."

चौल आणि नागाव. सायकलवरून गेलं तर मधे एकदा चहा प्यायला थांबायचीही गरज नाही. आणि दोघं भेटले ते समुद्र ओलांडून, शारजाच्या चिखलात. इंग्रजाची पाणचक्की बनवायला बसले आणि दोघांनी मिळून, एकमेकांना न विचारता, गावचा रहाट बनवून ठेवला. रहाटाचे लोटे पाणी भरून वर येतात, तोंडं आभाळाकडे करून. वर पोचले की रिकामे होतात. पाणचक्कीचं सगळं उलट. पाणी वरून खणात पडतं, खण जड होऊन खाली जातो आणि चाक फिरतं. जगातल्या कुणाही सुताराला आधी फोटो आठवला असता. या दोघांना विहीर आठवली.

आधी नागेश हसला. मग विभावरी. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत दोघं हसले. आणि हसता हसता विभावरी बोलून गेली. चौथीपासून शाळेच्या आधी रोज पहाटे तिला रहाटाच्या बैलामागे फिरायला लागायचं, गोल गोल. ती दमून बसली की बैल थांबायचा, कुईं कुईं बंद व्हायची, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, विभे, बसलीस का गं? "तेव्हाच ठरवलं होतं," ती म्हणाली, "जिथं विहीर नाही अशा देशात जायचं. आणि आले बघा."

नागेशचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं फडकं घेतलं आणि तो चाक पुसायला लागला.

आता इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. चाक दुरुस्त करायचं म्हणजे आसावरून काढायचं, दुसऱ्या तोंडानं बसवायचं आणि पाचर ठोकायची. चहा निवायच्या आत होणारं काम. त्याला त्या दोघांनी तीन आठवडे लावले. आधी आस घासावा लागला. मग वार्निश वाळेना. मग सागवान पाणी प्यायलं असं नागेश म्हणाला, आणि विभावरीनं ऑफिसात तसंच्या तसं सांगितलं. शौकतभाई सगळं बघत होते.

एका गुरुवारी नागेश बाहेर गेला असताना तेच विभावरीला म्हणाले, "बेटा, काम लवकर उरका. नागेशचा व्हिसा एप्रिलमध्ये संपतोय. रिन्यू नको म्हणालाय. कायमचा चाललाय गावाला."

नागेश आला तेव्हा विभावरीनं सरळ विचारलं. त्यानंही सरळ सांगितलं. वडील थकले, भाऊ एकटा पडतो, वाडी आहे, हाताला काम आहे. सहा वर्षं टॉवर उभे केले, आता पुरे. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. आणि विभावरीला तेव्हा स्वच्छ कळलं, की तिला हा माणूस हवा आहे, आणि हा माणूस नेमका तिथंच निघाला आहे जिथून ती पळून आली. तिनं नकाशा गुंडाळला. टॅक्सीत बसल्यावर तिला रडू आलं. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

पुढच्या गुरुवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी गेली, कारण मॉडेल द्यायचा दिवस जवळ आला होता.

चाक फिरत होतं. सुरेख, संथ, खणामागून खण भरत. शौकतभाई मात्र कमरेवर हात ठेवून घरासमोर उभे होते. चाकाच्या बाजूच्या भिंतीत, स्वयंपाकघराला, एक खिडकी होती. दोन तावदानांची, नखाएवढ्या कडीची. नकाशात ती नव्हती. फोटोत ती बाजूच नव्हती.

"ये किसने किया? ड्रॉइंगवर मॅडमची सही आहे, क्लायंटची सही आहे. खिडकी कुठून आली?" शौकतभाई म्हणाले. "नागेश, भरून टाक."

नागेशनं भेगा बुजवायच्या लांबीचा डबा उचलला. विभावरी खाली वाकली. तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. खिडकी फार खाली होती. इंग्रज बाईनं तिथून बाहेर बघायचं म्हणजे गुडघ्यांत वाकायला लागलं असतं. तिनं पर्समधून स्केल काढली, उंबऱ्यापासून तावदानाच्या मध्यापर्यंत माप घेतलं, आणि सवयीनं, मॉडेलच्या प्रमाणात, मनातल्या मनात त्याची वीसपट केली. मग ती उठली आणि शेडच्या दाराच्या चौकटीपाशी गेली. तिथं पेन्सिलीच्या तीन खुणा अजून होत्या. डोळ्यांची खूण, तीच खिडकीची उंची. कोपराची खूण, तोच खिडकीचा कट्टा, हात टेकायला.

बाहुली त्यानं केलीच नव्हती.

ती परत आली, टेबलावर नकाशा पसरला, पेनाचं टोपण काढलं आणि चाकाच्या बाजूच्या भिंतीवर एक खिडकी काढली. खाली तारीख टाकली, सही केली.

"आहे ड्रॉइंगमध्ये," ती म्हणाली.

शौकतभाईंनी नकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग नागेशच्या हातातल्या लांबीच्या डब्याकडे. चहा सांगून येतो, असं म्हणून ते बाहेर पडले आणि जाताना दार लोटून गेले.

विभावरीनं पेनाला टोपण लावलं.

"कुणासाठी केली?" तिनं विचारलं.

"चक्कीवाल्याच्या बायकोसाठी. स्वयंपाक करता करता तिला चाक दिसायला पाहिजे." त्यानं डबा खाली ठेवला. "माझ्या घरी स्वयंपाकघराला खिडकी नाही, विभावरी. भिंत आहे नुसती, पलीकडे विहीर. पाडायची तर… कुणाच्या उंचीची, ते आधी ठरायला हवं. मी तुझंच माप घेतलं. विचारायला पाहिजे होतं. धीर झाला नाही."

पहिल्यांदा तो तिला नावानं हाक मारत होता, आणि तेही असं. विभावरीला हसायचं होतं, रडायचं होतं, आणि तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. "मला तू आवडतोस," ती म्हणाली. "फार. पण मी परत नाही येणार, नागेश. रहाटाचा तो आवाज परत ऐकायचा नाही मला. बैलामागे फिरून फिरून माझं लहानपण गेलं."

त्यानं मान हलवली. वाद घातला नाही, समजूत घातली नाही. समजूत घातली असती तर तिला भांडता तरी आलं असतं.

मिसेस हॉलिस शनिवारी आल्या. चाक सुरू केलं आणि त्या बराच वेळ हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी भिंतीला तळहात लावला, थरथर जाणवते का बघायला. जाणवली असावी. सरळ होताना त्यांची नजर खिडकीवर गेली. इथं खिडकी नव्हती, त्या म्हणाल्या. पण त्या रागावल्या नव्हत्या. त्यांच्या आईनं जन्मभर या जागी खिडकी मागितली होती, आणि चक्कीची भिंत फोडायची नसते म्हणून वडिलांनी ती कधी करून दिली नाही. आई चाकाचा आवाज ऐकत राहिली, चाक तिनं ओट्यापाशी उभं राहून कधी पाहिलं नाही. "माझी आई मात्र चांगली उंच होती," त्या म्हणाल्या आणि विभावरीकडे, मग नागेशकडे पाहून गालातल्या गालात हसल्या. मॉडेल गाडीत ठेवताना त्यांनी सांगितलं, खिडकी असू द्या.

एप्रिलच्या शेवटी नागेश गेला. शेवटच्या गुरुवारी विभावरी त्याला भेटली, वर्कशॉपबाहेर चहाच्या टपरीपाशी. पावसाचं पाणी केव्हाच आटलं होतं. तिथं आता नुसता धुरळा होता. कप रिकामा झाल्यावर ती म्हणाली, "पोचलास की नंबर कळव. मी फोन करीन. एकदा रहाट ऐकव मला. बघू, अजून सहन होत नाही का."

तो हसला. ऐकवतो म्हणाला.

मग शुक्रवारचे फोन सुरू झाले. घरातून बोलायची सोय नव्हती, म्हणून ती खाली बूथवर जायची, तीस दिरहमचं कार्ड घेऊन. म्हणजे साडेतीनशे रुपये गं, असं वहिनी एकदा मोठ्यानं म्हणाली, आणि पुढच्या शुक्रवारी तिनं स्वतःच एक कार्ड आणून विभावरीच्या उशीखाली ठेवलं. वहिनी काही दुधखुळी नव्हती.

पण रहाट काही ऐकू येईना. विभावरीनं विचारलं की नागेशकडे काहीतरी कारण तयार असायचं. आस घासायचाय. लाकूड पाणी प्यायलंय. आता पाऊस आहे, पावसात कुणी रहाट चालवतं का? ही कारणं तिनं कुठंतरी ऐकली होती, आणि ती त्याच्याबरोबर बसून तिनंच बनवली होती. शेवटी एकदा तिनं दटावून विचारलं, तेव्हा तो खरं बोलला. तो पोचायच्या आधीच भावानं विहिरीवर विजेचा पंप बसवला होता. रहाट मोडून गोठ्यामागे टाकला होता. नागेश तो एकेक दांडा शोधून पुन्हा जोडत होता.

"पंप आहे तर रहाट कशाला?" ती म्हणाली.

"तुला ऐकवायचं कबूल केलंय ना."

त्यानंतर ती करामाच्या फ्लॅटमध्ये रोज पहाटे जागी व्हायची. खाली रस्ता वाहत असायचा, एसी घरघरत असायचा, सगळं चालू असायचं. तरी काहीतरी थांबलेलं आहे असं वाटून जाग यायची. काय थांबलंय, ते तिला माहीत होतं.

दिवाळी झाली. त्यानंतरच्या शुक्रवारी तिनं नंबर फिरवला आणि हॅलो म्हणायच्या आत नागेश म्हणाला, "बोलू नकोस. ऐक."

फोनची वायर त्यानं मागच्या दारापर्यंत लांब करून घेतली होती. आधी कावळा ओरडला. कुणीतरी खोकलं. आणि मग… कुईं. बारीक, लांब, ओलसर. पुन्हा कुईं. मागोमाग पाणी पन्हळीत पडल्याचा आवाज. विभावरी बूथची काच धरून उभी राहिली. तिला वाटलं होतं, अंगावर काटा येईल. डोळ्यांसमोर आली ती पहाटेची वाडी, सुपारीच्या फुलांचा वास, आणि स्वयंपाकघरातून येणारा चुलीचा उजेड. इतकी वर्षं ती या आवाजावर उगाच रागावली होती. बाहेर करामाचा शुक्रवार चालला होता, लोक भाजी घेऊन जात होते, आणि ती आनंदानं रडत होती.

मधेच आवाज बंद पडला.

"का थांबला?" ती एकदम म्हणाली. "बसला का रे बैल?"

पलीकडे नागेश इतका हसला की त्याला बोलता येईना. "बैल नाहीच," तो म्हणाला. "बैल केव्हाच विकला. परेश फिरवतोय. भाऊ माझा. दमला बिचारा, शिव्या देतोय मला. ऐकवू?"

आपण थेट आईच्या आवाजात बोललो, ते विभावरीच्या तेव्हा लक्षात आलं, आणि तीही हसायला लागली.

"पाणी पंपच काढतो गं," नागेश म्हणाला. "कुणाला कुणाच्या मागं फिरायचं नाही. अलिबागेत घरांची कामं निघाली आहेत भराभर, मुंबईचे लोक जागा घेतायत. ड्रॉइंग काढणारं माणूस मिळत नाही कुणाला." मग त्याचा आवाज खाली आला. "विभावरी, गवंडी आलाय. भिंतीपाशी उभा आहे. खिडकी पाडायची का विचारतोय. काय सांगू?"

कार्डावरचे आकडे पळत होते. तिकडे परेशनं पुन्हा दांडी धरली असावी, कारण कुईं सुरू झाली. विभावरीनं डोळे पुसले.

"पाडा म्हणावं," ती म्हणाली. "चाकाच्या बाजूला."

"किती उंचीवर?"

"माप आहे की तुझ्याकडे."